पडदा आणि दानपेटी

ज्यू चित्रपट महोत्सव हा अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील अनेक शहरांत समाजजीवनाचा नेमाने येणारा भाग आहे. त्यांतील कित्येक महोत्सव स्थानिक सेवाभावी कामाशी जोडलेले असतात. गाझा युद्धानंतर या महोत्सवांवर आलेल्या दडपणाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ झाली. मात्र त्याची झळ ज्यांना पोहोचू शकते, त्या वृद्ध, निर्वासित आणि गरजूंचा विचार त्या चर्चेत फारसा झालेला नाही.

कॅनडातील हॅमिल्टन हे पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे शहर. तेथील ज्यू समाज संख्येने लहान आहे. एप्रिल २०२४ मध्ये या समाजाचा तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव शहरातील ‘प्लेहाऊस’ या छोट्या स्वतंत्र चित्रपटगृहात व्हायचा होता. मार्चमध्ये, महोत्सव अवघ्या काही आठवड्यांवर आला असताना, चित्रपटगृहाच्या चालकांनी जागा देण्याचे पुढे ढकलले. सुरक्षिततेविषयी चिंता व्यक्त करणारे अनेक ई-मेल, दूरध्वनी आणि समाजमाध्यमांवरील संदेश आल्याचे कारण त्यांनी दिले. महोत्सवाचे आयोजक होते हॅमिल्टन ज्यू फेडरेशन. त्यांनी तीव्र निराशा व्यक्त केली, कॅनडाभर या निर्णयावर टीका झाली आणि अखेर दुसरी जागा शोधून महोत्सव पार पडला.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही बातमी तेथे संपली. तथापि या घटनेतील एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. महोत्सव भरवणारी संस्था चित्रपटप्रेमींचे मंडळ नव्हते. शहरातील ज्यू समाजाच्या सामाजिक सेवांसाठी दरवर्षी निधी गोळा करणारी तीच संस्था होती. म्हणजे ज्या हातांनी तिकिटे विकली जातात, त्याच हातांनी वृद्धांच्या सेवेसाठी आणि गरजू कुटुंबांच्या शिध्यासाठीही पैसा उभा केला जातो. हे केवळ हॅमिल्टनमध्ये घडते असे नाही. उत्तर अमेरिकेतील बहुतेक लहानमोठ्या शहरांत थोड्याफार फरकाने हीच रचना आढळते. म्हणूनच एखाद्या चित्रपटगृहाचे दार बंद होते किंवा एखाद्या चित्रपटावरून वाद पेटतो, तेव्हा त्याचा परिणाम कोठवर जाऊ शकतो हे समजून घेण्यासाठी ही रचना तपासावी लागते.

दान नव्हे, न्याय

ज्यू परंपरेत दानाला ‘त्सदाका’ असा शब्द आहे. त्याचे मूळ दया या अर्थाच्या धातूत नसून न्याय या अर्थाच्या धातूत आहे. गरजूला देणे हा देणाऱ्याचा मोठेपणा मानला जात नाही. ते त्याचे देणेच असते. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर येते. कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे ही सर्वांत वरची पायरी. तिच्या खालोखाल, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही देणारा ठाऊक नाही, असे दान.

या विचाराला आधुनिक संस्थात्मक रूप मिळाले ते अमेरिकेत. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील दंगलींमुळे लाखो ज्यू अटलांटिक ओलांडून आले. त्यांच्यासाठी प्रत्येक शहरात वसतिगृहे, दवाखाने, अनाथालये, बिनव्याजी कर्जाच्या संस्था उभ्या राहिल्या. प्रत्येक संस्था देणगीसाठी त्याच दारांवर थाप मारू लागली, तेव्हा त्यातून वाट काढणे भाग पडले. १८९५ मध्ये बोस्टनमध्ये अशा संस्थांनी एकत्र येऊन पहिले फेडरेशन स्थापन केले. एकदाच वर्गणी गोळा करायची आणि ठरवून वाटायची, ही त्यामागची साधी कल्पना होती. पुढे ती शहरोशहरी पसरली. आज उत्तर अमेरिकेत अशी सुमारे दीडशे फेडरेशने आहेत.

त्यांच्या छत्राखालील सर्वांत महत्त्वाची संस्था म्हणजे ‘ज्यूइश फॅमिली सर्व्हिस’. नाव जवळजवळ सगळीकडे सारखे असले तरी प्रत्येक शहरातील संस्था स्वतंत्र असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे मदतनीस पाठवणे, घरपोच जेवण, धान्य व किराणा पुरवणारी केंद्रे, मानसोपचार, बेरोजगारांना साहाय्य, निर्वासितांचे पुनर्वसन अशी कामे या संस्था करतात. यांतील बऱ्याच सेवा धर्म न विचारता दिल्या जातात. सोव्हिएत संघातून आलेल्या ज्यूंना वसवण्याचा अनुभव या संस्थांच्या गाठीशी होता. तोच पुढे अफगाण, सीरियन आणि युक्रेनियन कुटुंबांच्या उपयोगी पडला. सॅन डिएगो येथील संस्थेने २०१८ पासून मेक्सिकोच्या सीमेवर आश्रय मागणाऱ्यांसाठी तात्पुरता निवारा चालवला.

महोत्सव कशासाठी?

ज्यू चित्रपट महोत्सवाची सुरुवात १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डेबोरा कॉफमन यांनी केली. हॉलिवूडमध्ये ज्यू निर्मात्यांची संख्या मोठी असली तरी पडद्यावर दिसणारा ज्यू माणूस ठोकळेबाज असतो, ही त्यामागची तक्रार होती. नंतर बोस्टन, टोरांटो, लंडन, अटलांटा अशी साखळी वाढत गेली. अटलांटा येथील महोत्सव २००० मध्ये ‘अमेरिकन ज्यूइश कमिटी’च्या स्थानिक शाखेने सुरू केला. पंधरा वर्षांत त्याची प्रेक्षकसंख्या अडतीस हजारांच्या आसपास गेली आणि जगातील सर्वांत मोठा ज्यू चित्रपट महोत्सव म्हणून त्याचे नाव झाले.

मोठ्या शहरांतील हे महोत्सव स्वतंत्र सांस्कृतिक संस्था झाले. लहान शहरांतील चित्र वेगळे आहे. तेथे महोत्सव कधी फेडरेशनचा असतो, कधी समाजकेंद्राचा. कधी त्याचे उत्पन्न थेट फॅमिली सर्व्हिससारख्या संस्थेला जाते. दहा-बारा चित्रपट, स्वयंसेवकांची निवड समिती, भाड्याचे चित्रपटगृह, मध्यंतरात चहापान आणि शेवटी चर्चा, असा त्याचा साधा थाट असतो.

या महोत्सवांचा हिशेब मांडला तर त्यातून दानधर्मासाठी फार मोठी रक्कम उरत नाही, हे मान्य करावे लागेल. प्रत्येक चित्रपटाच्या प्रदर्शनासाठी वितरकाला शुल्क द्यावे लागते. सभागृहाचे भाडे, पाहुण्यांचा प्रवास, छपाई, तांत्रिक व्यवस्था आणि अलीकडे सुरक्षारक्षक हे खर्च टळत नाहीत. एकट्या तिकिटांवर हा डोलारा उभा राहणे कठीण असते. पुरस्कर्त्यांच्या देणग्या आणि स्वयंसेवकांचे फुकट श्रम यांवर तो तोलला जातो. मग एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील.

याचे उत्तर निधिसंकलनाच्या व्यवहारात आहे. देणगीदार एका दिवसात तयार होत नाही. जो माणूस सिनेगॉगमध्ये जात नाही आणि कोणत्याही मंडळाचा सभासद नाही, तो चित्रपट पाहायला मात्र येतो. तिकिटाच्या निमित्ताने त्याचा पत्ता यादीत येतो, शेजारच्या खुर्चीवरील माणसाशी त्याची ओळख होते, चित्रपटाआधी दोन मिनिटे संस्थेच्या कामाची माहिती त्याच्या कानावर पडते. त्यातील काही जण पुढे स्वयंसेवक होतात, काही वार्षिक वर्गणी देतात, काही मृत्युपत्रात संस्थेसाठी तरतूद करतात. चित्रपट पाहणाऱ्याला आपले तिकीट कोणाच्या ताटात पडले हे कळत नाही. जेवणाऱ्यालाही ते कोणी दिले हे कळत नाही. मायमोनिडीजच्या वरून दुसऱ्या पायरीचे हे आधुनिक रूपच म्हणता येईल.

चौदाशे पौंडांचा वाद

खरी अडचण पुढे आहे. चित्रपट आणि शिधा यांची पेटी एकच असली, की चित्रपटावरचा राग शिध्यावर निघण्याचा धोका उद्‌भवतो. याचा पहिला मोठा अनुभव सॅन फ्रान्सिस्कोलाच आला. जुलै २००९ मध्ये त्या महोत्सवाने सिमोन बिटॉन यांचा ‘रेचल’ हा माहितीपट दाखवला. २००३ मध्ये गाझा पट्टीतील राफा येथे इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली मरण पावलेल्या रेचल कोरी या अमेरिकन तरुणीवर तो आहे. तिच्या आईला बोलण्यासाठी निमंत्रण होते. त्यावरून वादळ उठले. महोत्सवाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, मोठ्या देणगीदार प्रतिष्ठानांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. विरोधी मत मांडणाऱ्याला व्यासपीठावर संधी देण्यात आली, तेव्हा सभागृहात त्याच्याविरुद्ध आरडाओरडा झाला.

फेब्रुवारी २०१० मध्ये तेथील ज्यू फेडरेशनने अनुदानासाठी लेखी नियम केले. इस्रायलच्या अस्तित्वाची वैधता नाकारणाऱ्या किंवा त्यावर बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्या उपक्रमांना व भागीदारीला निधी मिळणार नाही, असा त्यांचा आशय होता. समर्थकांच्या मते समाजाचा पैसा समाजाच्या मूलभूत हिताविरुद्ध वापरला जाऊ नये, एवढीच ही अपेक्षा होती. विरोधकांच्या मते ती सेन्सॉरशिप होती. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य आहे. फेडरेशनला देणगी देणारा माणूस प्रामुख्याने वृद्धाश्रमासाठी, शाळेसाठी पैसे देतो. त्याला न पटणाऱ्या चित्रपटामुळे त्याने देणगी थांबवली, तर नुकसान चित्रपटाचे होत नाही, वृद्धाश्रमाचे होते. फेडरेशनची भीती ही होती आणि ती अवास्तव म्हणता येणार नाही. पण या भीतीपोटी चित्रपटांची निवड होऊ लागली, तर ज्या मोकळ्या चर्चेसाठी लोक महोत्सवाला येतात ती चर्चाच संपते आणि कालांतराने प्रेक्षकही.

लंडनमध्ये २०१४ साली हाच प्रश्न उलट बाजूने आला. त्या उन्हाळ्यात गाझामध्ये युद्ध चालू होते. किलबर्न भागातील ट्रायसिकल थिएटरने अनेक वर्षे यूके ज्यूइश फिल्म फेस्टिव्हलला जागा दिली होती. महोत्सवाला इस्रायली वकिलातीकडून मिळणारी सुमारे १४०० पौंडांची मदत नाकारावी, तेवढी रक्कम आम्ही देतो, अशी अट थिएटरने घातली. महोत्सवाने ती नाकारली. आपली संस्कृती आणि एका सरकारचे युद्ध यांची सांगड बाहेरच्यांनी घालावी, हे आयोजकांना मान्य नव्हते. एका सरकारच्या पैशाने चालणारा कार्यक्रम युद्धकाळात आपल्या वास्तूत नको, अशी थिएटरची बाजू होती. टीकेचा भडिमार झाल्यावर ऑगस्टच्या मध्यास थिएटरने अट मागे घेतली. मात्र त्या वर्षीचा महोत्सव अन्यत्र झाला. रक्कम पाहिली तर लंडनमधील एखाद्या मेजवानीच्या खर्चाइतकी. तरीही तिच्यावरून दोन संस्थांचे अनेक वर्षांचे संबंध तुटले. पैशाचा आकार आणि त्याचा अर्थ यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दडपण एकाच दिशेने येते, असेही नाही. मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडातील मायामी बीचच्या महापौरांनी ‘ओ सिनेमा’ या चित्रपटगृहाचा करार रद्द करण्याचा आणि अनुदान थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. कारण होते ‘नो अदर लँड’ हा पॅलेस्टिनी व इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केलेला आणि त्याच महिन्यात ऑस्कर मिळवलेला माहितीपट. महापौर स्वतः ज्यू आहेत. विरोध वाढल्यावर त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. हॅमिल्टनमध्ये ज्यू महोत्सव अडला, मायामीत पॅलेस्टिनींची बाजू मांडणारा चित्रपट. साधन दोन्हीकडे एकच, जागा आणि पैसा यांची नाकेबंदी. एका ठिकाणी त्याचा निषेध आणि दुसऱ्या ठिकाणी समर्थन करणाऱ्यांना ही विसंगती जाणवत नसेल तर ते दुर्दैव.

पहारेकऱ्यांचा खर्च

वादांपेक्षाही लहान महोत्सवांचा श्वास कोंडणारी बाब सुरक्षेची आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्ग येथील ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये गोळीबारात अकरा जण मारले गेले. हल्लेखोराचा रोष होता तो निर्वासितांना मदत करणाऱ्या ‘हायस’ या ज्यू संस्थेवर. म्हणजे दानधर्म हेच तेथे द्वेषाचे निमित्त झाले. २१ मे २०२५ रोजी वॉशिंग्टनमधील ज्यू संग्रहालयाबाहेर इस्रायली वकिलातीतील दोन तरुण कर्मचाऱ्यांची हत्या झाली. ते ज्या कार्यक्रमाहून बाहेर पडले होते, त्याचा विषय होता गाझासह संकटग्रस्त प्रदेशांतील मानवतावादी मदत.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझातील हजारो स्त्रिया व मुलांसह पॅलेस्टिनी मृतांची संख्या हजारोंच्या पटीत वाढत गेली. या दुःखाचे आणि संतापाचे पडसाद हजारो मैलांवरील समाजकेंद्रांच्या दारापर्यंत पोहोचले. सिनेगॉग आणि समाजकेंद्रांना कॅमेरे, मजबूत दरवाजे, सशस्त्र रक्षक यांची व्यवस्था करावी लागली. अमेरिकेत यासाठी केंद्र सरकारचे अनुदान आहे, परंतु मागणीच्या मानाने ते अपुरे पडते. पाहारेकऱ्यावर खर्च झालेला प्रत्येक डॉलर हा शेवटी कोणाच्या तरी जेवणातून किंवा मदतनिसाच्या तासांतून वजा होतो. याची नोंद कोणत्याही वादाच्या बातमीत होत नाही.

त्यातच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश थांबवला आणि पुनर्वसनाचे सरकारी अनुदान रोखले. या कामातील अनेक संस्थांना कर्मचारी कमी करावे लागले. सरकारी पैसा आटला, की स्थानिक वर्गणीचे मोल वाढते. अशा काळात शहरातील पाच-सातशे माणसांना एका छताखाली आणणारा उपक्रम बंद पडणे परवडणारे नाही.

ससूनपासून नादिरापर्यंत

महाराष्ट्राला या विषयाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. ज्यू दानधर्माची फळे हा प्रदेश दीडशे वर्षे चाखतो आहे. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय आजही गोरगरिबांचा आधार आहे. तेथे येणाऱ्या रुग्णांतील फार थोड्यांना हे नाव ज्यू आहे हे ठाऊक असेल. देणाऱ्याचे नाव राहिले आणि ओळख मात्र लोकांत विरघळून गेली.

कोकणातील बेने इस्रायल तर भाषेने आणि आडनावाने मराठीच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला गेलेला हा समाज. त्याच्यातून डेव्हिड अब्राहम चेऊलकर पडद्यावर आले. ‘बूट पॉलिश’मधील त्यांचा जॉनचाचा जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. बगदादी ज्यू घराण्यांतून सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम आणि नादिरा म्हणजे फ्लोरेन्स इझिकेल आल्या. प्रतिष्ठित हिंदू-मुस्लीम घरांतील मुलींना चित्रपटाचे दार बंद होते, तेव्हा या स्त्रियांनी ते उघडले. त्यांची कहाणी सांगणारा ‘शलोम बॉलिवूड’ हा डॅनी बेन-मोशे यांचा माहितीपट २०१७ मध्ये आला आणि अनेक देशांतील ज्यू महोत्सवांतून दाखवला गेला. मुंबईतील कृष्णधवल चित्रपटांतील नायिकांनी परदेशातील एखाद्या अनोळखी वृद्धाच्या सेवेला हातभार लावावा, हा योग विलक्षणच.

उपाय कोणता?

या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग चर्चेत येतात. पहिला म्हणजे महोत्सवाने स्वतंत्र संस्था व्हावे. अटलांटाने २०१४ मध्ये हा मार्ग स्वीकारला. त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य मिळते आणि एखाद्या चित्रपटाचा वाद सेवासंस्थेच्या दारात जात नाही. मात्र त्यासाठी हजारोंचा प्रेक्षकवर्ग हवा. हॅमिल्टनसारख्या शहराला हे झेपणारे नाही. दुसरा मार्ग म्हणजे पेट्या वेगळ्या करणे. महोत्सवाचा निधी आणि सेवेचा निधी यांचे हिशेब स्वतंत्र ठेवायचे, सेवेच्या देणगीचा एकही पैसा पडद्यावर जाणार नाही हे देणगीदाराला लेखी सांगायचे आणि चित्रपटनिवडीचे निकष आधीच जाहीर करायचे. याने वाद थांबणार नाहीत, परंतु वादाचा फटका कोणाला बसावा हे तरी ठरवता येईल.

चित्रपटगृहांच्या चालकांचीही जबाबदारी आहे. धमकीवजा संदेश आले म्हणून दार बंद केले, की संदेश पाठवणाऱ्याला आपला मार्ग यशस्वी ठरल्याची खात्री पटते. पुढच्या वेळी तो दुसऱ्या समाजाच्या कार्यक्रमासाठीही वापरला जातो. सुरक्षेची खरी अडचण असेल तर ती सोडवणे पोलिसांचे आणि नगरपालिकेचे काम आहे. तिचा भार शंभर-दीडशे खुर्च्यांच्या चित्रपटगृहावर किंवा स्वयंसेवकांच्या समितीवर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही.

वेळ हा यातील सर्वांत निष्ठुर घटक आहे. नाझी अत्याचारांतून वाचलेले सुमारे २ लाख ४५ हजार लोक जगभरात हयात असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ने जाहीर केले होते, त्यांतील निम्म्यांचे वय ८६ च्या पुढे होते आणि ही संख्या दरवर्षी झपाट्याने घटते आहे. त्यांच्यापैकी अनेकजण एकटे आहेत, अनेकजण गरीब आहेत, आणि त्यांच्या घरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्था याच फॅमिली सर्व्हिस आहेत. महोत्सवात दरवर्षी एखादा तरी चित्रपट त्या संहारावर असतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात. त्या चित्रपटातल्यासारखे आयुष्य काढलेली एखादी म्हातारी त्याच शहरात, चार रस्ते पलीकडे, सकाळच्या मदतनिसाची वाट पाहत असते. कोणता चित्रपट दाखवावा आणि कोणता नाही, यावर समाजाने अवश्य भांडावे. तिची सकाळ मात्र त्या भांडणावर अवलंबून राहू नये.